जॅगरी गुळाची, शब्द मात्र साखरेचा

गुळाला इंग्रजीत ‘जॅगरी’ म्हणतात. तो शब्द आपल्या ‘गूळ’वरून तयार झाला की मूळचा पोर्तुगीज आहे, असा प्रश्न विचारला गेला आहे.

‘गूळ’ संस्कृत ‘गुड’पासून आला, त्याचा ‘जॅगरी’शी संबंध नाही. इंग्रजांनी ‘जॅगरी’ पोर्तुगीजांकडून उचलला हे खरे, परंतु पोर्तुगीजांना तो मलबार किनाऱ्यावर मिळाला. मल्याळममध्ये गुळाला ‘चक्करा’ म्हणतात आणि हा ‘चक्करा’ म्हणजे संस्कृत ‘शर्करा’च होय. ‘शुगर’ही तिथूनच निघालेला, फक्त पश्चिमेच्या वाटेने गेलेला : फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’, मग मध्ययुगीन लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत. गंमत अशी की, पोर्तुगीज केरळात उतरले तेव्हा अरबीवरून आलेला ‘असूकार’ हा साखरेचा शब्द त्यांच्या भाषेत आधीच रुळलेला होता. त्याचेच भावंड ते गुळासाठी नव्याने घेत होते.

‘शर्करा’चा जुना अर्थ मात्र गोड नाही. वाळू, खडे, कंकर असा तो अर्थ असून आयुर्वेदात मूत्रमार्गातल्या बारीक खड्यांनाही शर्कराच म्हटले आहे. उसाचा रस आटवून जे रवाळ, दाताखाली कुरकुरणारे द्रव्य मिळाले, त्याला हे नाव चपखल बसले. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस भारतातल्या ‘साक्खारोन’ या पदार्थाचे वर्णन करताना तो मिठासारखा दाताखाली फुटतो असेच सांगतो. आपली ‘खडीसाखर’ ऐकताना खडा पुन्हा वेगळा जोडावा लागतो, कारण साखरेतला मूळचा खडा आता कोणाला जाणवत नाही.

या ग्रीक रूपातला ‘ख’ मला विशेष महत्त्वाचा वाटतो. संस्कृत ‘शर्करा’त ‘ख’ नाही आणि फारसी-अरबी रूपांतही नाही. तो पालीतल्या ‘सक्खरा’त आहे. ‘कर्म’चे ‘कम्म’ आणि पुढे ‘काम’ झाले, त्याच रीतीने ‘सक्खरा’तले जोडाक्षर सुटून आधीचा स्वर लांबला आणि मराठीत ‘साखर’ झाली. तेव्हा ग्रीकांच्या कानी पडलेला शब्द पंडितांच्या संस्कृतातला नसून बोलीतला असावा. ‘शुगर’पेक्षा आपल्या ‘साखरे’ला अधिक जवळचा इंग्रजी शब्द त्यामुळे ‘सॅकरिन’ (साखरेऐवजी वापरला जाणारा कृत्रिम गोड पदार्थ) ठरतो, कारण तो याच ग्रीक रूपावरून लॅटिनमार्गे घडवलेला आहे. आणि 1879 साली सापडलेल्या त्या पदार्थात साखरेचा कणही नसतो.