"वहिनी, ते टेक्निकल आहे"

"घरी, ऑफिसात मी ठणकावून बोलते. पण सोसायटीच्या सभेत चार पुरुष समोर बसले की घसाच बसतो. आत्मविश्वास कसा वाढवू?" आमच्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या मुंबईतल्या कितीतरी बायका थोड्याफार फरकाने हेच विचारतात. त्यातलीच ही एक हकीकत, मुलुंडच्या एका ताईंची. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ताई ४६ वर्षांच्या, एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघतात. निमित्त पाण्याचं. ४८ फ्लॅटची सोसायटी दिवसाआड टँकर मागवत होती आणि जवळजवळ रोज पहाटे गच्चीवरच्या टाकीतून पाणी मात्र वाहून जात होतं. टाकीचा बॉल कॉक (टाकी भरली की पाणी बंद करणारी झडप) मोडलेला, आणि वॉचमन पंप चालू करून गाड्या धुवायला जायचा. ताईंनी हे सभेत सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, ते टेक्निकल आहे, साहेबांना पाठवा." दहा मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तेच सांगितलं आणि ते त्यांच्या नावाने मिनिट्समध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात आलं.

"माझ्यातच काहीतरी कमी आहे," असं म्हणत ताई आल्या. पण बोलता बोलता कळलं की सकाळच्या लोकलला लेडीज डब्यात चौथ्या सीटवरून (तिघींच्या बाकावर चौथीने बसण्यावरून) वाजलं की निवाडा याच करतात. "तू घाटकोपरला उतरतेस ना? मग सीट हिला. आणि तू जरा आत सरक." कुणी उलटून बोलत नाही. म्हणजे हिंमत होतीच. डब्यात रोजच्या मैत्रिणी आजूबाजूला असतात, नियम तोंडपाठ असतात, आपला हक्क किती ते माहीत असतं. सभेत यातलं काहीच नव्हतं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये 'हे मला जमेल' या विश्वासाचे चार स्रोत मांडले: स्वतः करून जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्या कुणाला जमताना पाहणं, भरवशाच्या माणसाने दिलेला धीर आणि शरीराच्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. पहिला सगळ्यांत जोरकस. म्हणून 'आधी आत्मविश्वास येऊ दे, मग बोलेन' हा क्रमच उलटा आहे. कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं आरशासमोर उभं राहायचे व्हिडिओ ताईंनीही पाहिले होते. असं उभं राहिल्याने हार्मोन बदलतात असं सांगणारा त्यामागचा २०१० चा प्रयोग अवघ्या ४२ जणांवरचा. २०१५ मध्ये २०० जणांवर तो पुन्हा केला तेव्हा हार्मोन बदलल्याचं दिसलं नाही. उभं राहायला हरकत नाही, पण त्यावर सभा जिंकता येत नाही.

पहिलं काम कागदाचं निघालं. शेअर सर्टिफिकेटवर, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाच्या दाखल्यावर, नाव एकट्या यजमानांचं. म्हणजे सभेत ताई बसत होत्या त्या पाहुण्यासारख्या. 'मला बोलू देत नाहीत' असं सांगणाऱ्या बाईला आम्ही हे आधी विचारतो आणि निम्म्या वेळा तिलाच ते माहीत नसतं. नाव सर्टिफिकेटवर नसलं तरी सभासदाच्या पत्नीला त्याच्या शिफारशीने आणि लेखी संमतीने सहयोगी सभासद होता येतं. तो गैरहजर असेल तर त्याच्या लेखी संमतीने मतही देता येतं. प्रवेश फी १०० रुपये. यजमानांनी सहीला तीन आठवडे लावले. नकार नव्हता, नुसतं 'बघू'. "तुमचं नाव काढायचं नाहीये, तुमचा सभेचा कंटाळा मी घेतेय," असं ताईंनी एका रविवारी सांगितलं आणि काम झालं. (घरात हात उगारला जात असेल तर यातलं काहीही करून बघू नये. तिथे आधी सुरक्षितता. महिलांसाठी हेल्पलाइन १८१, मुंबई पोलिसांची १०३.)

दुसरं काम दोन आठवड्यांच्या नोंदीचं. घराबाहेर मत मांडलं की वहीत तीन गोष्टी: सुरुवात कशी केली, कुणी मध्ये तोडलं का, शेवट कसा झाला. नऊ नोंदींपैकी सहांची सुरुवात होती, "मला यातलं फार कळत नाही, पण..." समोरचा ते पहिलं अर्धं वाक्यच खरं मानतो.

मग मुद्दा तीन वाक्यांत बांधला: काय दिसलं, किती, काय हवं. "पहाटे सहा ते सहा चाळीस टाकी वाहते. १४ दिवस मी वेळ लिहून ठेवलीय, ११ दिवस वाहिली. बॉल कॉक बदलावा आणि पंपाला टायमर बसवावा, तीन कोटेशन मागवावीत." एवढंच, ४० सेकंदांत. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकल्यावर ताईंच्याच लक्षात आलं की शेवटचं वाक्य प्रश्नासारखं वर जातंय. ते खाली उतरवायला पंधरा-वीस वेळा म्हणावं लागलं. त्याहून अवघड होतं बोलून झाल्यावर गप्प बसणं. शांतता पसरली की बायका ती भरून काढतात, "म्हणजे तुम्हाला योग्य वाटेल तसं," आणि मांडलेलं स्वतःच पुसतात. त्यासाठी मनात चारपर्यंत आकडे मोजायचे.

छातीतली धडधड थांबवायच्या मागे लागू नये. बोलण्याआधी दोन मिनिटं श्वास चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर, पायांचे तळवे जमिनीला टेकलेले. धडधडतंय म्हणजे आपण चुकतोय, हा अर्थ तेवढा काढून टाकायचा.

सराव पायऱ्यांनी. पहिली पायरी, सेक्रेटरींकडे मागच्या मिनिट्सची प्रत लेखी मागायची आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. दुसरी, वॉचमनशी पंपाच्या वेळेबद्दल एकटीने बोलायचं. तिसरी, समितीतल्या एकाला समोरासमोर मुद्दा सांगायचा. भीती शिगेला असताना पायरी सोडून पळायचं नाही, नाहीतर मेंदू 'पळालो म्हणून वाचलो' एवढंच शिकतो.

घोटाळा तिसऱ्या पायरीवर झाला. खजिनदार लिफ्टपाशी भेटले आणि ताईंनी पाण्यासोबत पार्किंग, सीसीटीव्ही, जिन्यातल्या चपला असं सगळं एका दमात काढलं. वर्षानुवर्षं दाबलेलं दार उघडलं की असंच होतं. ते हसून म्हणाले, "आज फॉर्मात आहात." रात्री अकराला व्हॉट्सअॅप ग्रुपवर वादाला तोंड फुटलं, ३८ मेसेज, आणि पाणी बाजूला राहून ताईंचा स्वभाव हाच विषय झाला. त्यानंतर नियम ठरला: एका वेळी एकच मुद्दा, ग्रुपवर फक्त माहिती, वाद कागदावर.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी यावी लागते. नोटिशीची वाट न पाहता विषय कार्यक्रमपत्रिकेत घ्यावा असं पत्र ताईंनी ऑगस्टमध्येच दिलं. आणि सभेपूर्वी चार घरी जाऊन आल्या: तीन बायका, एक निवृत्त इंजिनिअर काका. आपला मुद्दा पटवायला नाही, "तुमच्याकडे पाण्याचं कसं आहे?" हे विचारायला. तळमजल्याच्या आजींना टँकरच्या पाइपने दारात चिखल होतो ही तक्रार होती. ती मुद्द्यात आली आणि आजी आपोआप ताईंच्या बाजूने झाल्या. वजन येतं ते असं, चहाच्या कपावर, सभेच्या आधी. एवढं मात्र आधी बोलून ठेवलं की मुद्दा दुसऱ्याच्या नावावर जायला लागला की एकीने म्हणायचं, "हे आत्ता यांनीच सांगितलं, त्यांना पुरं करू द्या." स्वतःचं श्रेय स्वतः मागणारी बाई लोकांच्या डोळ्यांत खुपते, दुसरीने दिलेलं खपून जातं. अन्याय आहे, पण सभेच्या दिवशी तो गृहीत धरून चालावं.

सूर बदलायचा नाही, हे शेवटचं. सामाजिक मानसशास्त्रज्ञ सर्ज मॉस्कोविची यांच्या १९६९ च्या प्रयोगात सहांच्या गटातले दोघे निळ्या स्लाइडला ठामपणे, दर वेळी 'हिरवी' म्हणत राहिले तेव्हा इतरांची ८.४२ टक्के उत्तरं तिकडे वळली. तेच दोघे अधूनमधून डळमळले तेव्हा १.२५ टक्के. परिणाम लहानच, पण फरक ठामपणाने पडला.

सभेला यजमान घरी थांबले. "ते टेक्निकल आहे" आलंच. ताईंचं ठरलेलं उत्तर, "टेक्निकल भाग प्लंबर बघेल, मी आकडे सांगतेय." तीनदा, त्याच पट्टीत. मागून कुणीतरी "हल्ली फार बोलायला लागल्या" म्हणालं. त्याला उत्तर द्यायचं नाही हेही ठरलेलं होतं. काकांनी अनुमोदन दिलं, ठराव झाला.

मिनिट्सचा मसुदा आला तेव्हा सूचक म्हणून नाव होतं यजमानांचं, जे त्या दिवशी सभेला नव्हतेच. ताईंनी दुरुस्तीचा दोन ओळींचा अर्ज दिला आणि पोच घेतलेली प्रत फाइलला लावून पुढच्या भेटीला आणली. नाव बदललं गेलं होतं. सेक्रेटरी अजून वहिनीच म्हणतात. त्या भेटीत ताईंचा प्रश्न वेगळा होता: समितीत बायकांसाठी दोन जागा राखीव असतात, पुढच्या निवडणुकीला अर्ज भरायचा तर तयारी कधीपासून करावी?