घर स्वतःचं झालं की मत बदलतं का?

या वेळी तीन वाचकांचे प्रश्न एकाच विषयावर आले. म्हणून ते एकत्र घेते आहे.

प्रश्न : मी आणि माझा धाकटा भाऊ एकाच विचारांच्या घरात वाढलो. सरकारने स्वस्त घरं बांधावीत, भाडेवाढीला लगाम हवा, श्रीमंतांवर जास्त कर हवा, यावर आमचं कधी दुमत नव्हतं. मग त्याने कर्ज काढून घर घेतलं. आता जाहीरनामा हातात आला की तो आधी मालमत्ता कराचं पान शोधतो. त्याच्या घराजवळच्या मोकळ्या जागेवर स्वस्त घरांची योजना येणार होती, तर विरोधाच्या पत्रावर त्याचीही सही! मी अजून भाड्यानेच राहते. घराने त्याला बदललं, की तो आतून आधीपासूनच असा होता?

उत्तर : हा प्रश्न अभ्यासकांनाही बराच काळ छळत आला आहे. दोन्हींत तथ्य आहे, पण सारखं नाही.

ब्रिटनमध्ये १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने स्थानिक कौन्सिलच्या घरांत भाड्याने राहणाऱ्यांना तेच घर विकत घेण्याचा हक्क मिळाला. तीन वर्षं राहिलेल्याला किमतीत ३३ टक्के सूट, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला आणखी एक टक्का, अशी ५० टक्क्यांपर्यंत. मार्गारेट थॅचर यांच्या हुजूर पक्षाचा विश्वास असा की भाडेकरू मालक झाला की आपोआप आपल्याकडे येईल. कल्पना त्यांची नव्हती. त्यांच्याच पक्षाचे नोएल स्केल्टन १९२३ मध्ये समाजवादाला उत्तर म्हणून मालमत्ताधारकांची लोकशाही मांडत होते. आणि समोरच्या टोकाला कार्ल मार्क्सचे सहकारी, साम्यवादी विचारवंत फ्रेडरिक एंगल्स यांनी तर १८७२ मध्येच कामगाराला मालकीचं घर देण्याला विरोध केला होता, कारण घरापायी तो एका जागी जखडला जाईल आणि मालकाशी लढू शकणार नाही. एकाला जे हवं होतं त्याचीच दुसऱ्याला भीती होती. घर माणसाला बदलतं, हे दोघांनी गृहीतच धरलं होतं.

प्रत्यक्षात निवडणूक अभ्यासकांनी घर घेतलेले आणि न घेतलेले भाडेकरू शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा कळलं की घेणाऱ्यांतले बरेच जण आधीपासूनच हुजूर पक्षाकडे झुकलेले होते. खरेदीमुळे म्हणून झालेलं पक्षांतर अपेक्षेपेक्षा फारच कमी होतं. तेव्हा तुमचा भाऊ दुसऱ्या पक्षाचा झाला, असं लगेच समजू नका.

मग काय बदलतं? एक तर माणूस मतदानाला जास्त जातो, विशेषतः स्थानिक निवडणुकांत. अमेरिकेतल्या ओहायो आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांतल्या सुमारे १ कोटी ८० लाख मतदारांच्या नोंदी अँड्र्यू हॉल आणि जेसी योडर यांनी घरखरेदीच्या नोंदींशी जुळवल्या. त्यात तीच व्यक्ती घर घेण्याआधी आणि घेतल्यावर कशी वागली हे पाहता आलं, म्हणून मला हा अभ्यास मोलाचा वाटतो. घर घेतल्यावर स्थानिक निवडणुकांतलं मतदान वाढलं. कुठल्या जागेवर काय बांधता येईल, असा प्रश्न मतपत्रिकेवर असेल तेव्हा हा परिणाम जवळजवळ दुप्पट झाला.

तुमच्या भावाची सही इथे कळते. शेअर बाजारात पैसे घालणारा चार ठिकाणी थोडे थोडे घालतो. घर घेणाऱ्याची सगळी पुंजी, वर डोक्यावरचं कर्ज, हे सारं एकाच रस्त्यावरच्या एकाच जागेत अडकलेलं असतं. आगीचा विमा मिळतो, पण वस्तीचा भाव पडला तर भरपाई देणारा विमा कोणी विकत नाही. अमेरिकी अर्थतज्ज्ञ विल्यम फिशेल यांचं म्हणणं असं की हा नसलेला विमा लोक स्थानिक राजकारणातून मिळवतात. शेजारच्या जागेवर काय येणार यावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवणं, हाच तो विमा. गरिबांबद्दल मनात राग असावाच लागतो असं नाही.

मात्र त्याचा परिणाम गरिबांनाच भोगावा लागतो, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हणायला हवं. ज्यांना ती स्वस्त घरं मिळाली असती, ते अजून त्या भागात राहतच नाहीत, त्यामुळे तिथे त्यांचं मतही नाही. विरोधाच्या पत्राला उत्तर देणारं पत्र लिहायला कोणी नसतं. मला या विषयातला सगळ्यात मोठा अन्याय हाच वाटतो.

दुसरा बदल सावकाश होतो. राज्यशास्त्राचे अभ्यासक बेन अँसेल यांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की घरांच्या किमती चढतात तेव्हा घर असलेल्यांचा सरकारी सामाजिक सुरक्षेला असलेला पाठिंबा उतरतो. म्हातारपणाची तरतूद भिंतींतच झाली असं वाटू लागलं की पेन्शनसाठी कर कशाला भरायचा, असा विचार येतो. आणि जिथे किमती वर्षानुवर्षं जागच्या जागी राहिल्या, तिथला माणूस वेगळ्याच वाटेने जातो. २०१६ चं ब्रेक्झिटचं, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याबद्दलचं, सार्वमत आणि २०१७ ची फ्रान्सची अध्यक्षीय निवडणूक यांत, घरं तुलनेने स्वस्त राहिलेल्या भागांत ब्रेक्झिटला आणि कट्टर उजव्या नेत्या मरीन ल पेन यांना जास्त मतं पडली.

मी निवडणुकांच्या काळात मतदारांच्या मुलाखती घेत आले आहे. प्रश्नावलीत ‘घर मालकीचं की भाड्याचं’ एवढंच असतं. मी त्यापुढे नेहमी विचारते, कर्ज किती उरलंय? कर्ज फिटलेला आणि नुकतं कर्ज काढलेला, दोघेही कागदोपत्री मालकच. पण व्याजदर वाढला की पहिल्याला ठेवीवर जास्त व्याज मिळतं आणि दुसऱ्याची झोप उडते. एका बाईंनी मला हप्त्यांचा तक्ता दाखवला होता. भरलेल्या प्रत्येक हप्त्यावर त्या पेन्सिलीने रेघ मारत. दर वाढल्यावर बँकेने हप्ता तेवढाच ठेवून मुदत वाढवली, तेव्हा जुन्या तक्त्याखाली त्यांनी नवी पानं डिंकाने चिकटवली होती, आणि ती चिकटवलेली पानं जुन्या तक्त्यापेक्षा लांब झाली होती. सरकारबद्दल काय वाटतं म्हणून विचारलं, तर त्यांनी ती पानंच पुढे केली. त्या बाईंना ‘मालक’ या रकान्यात टाकून त्यांच्या मताबद्दल काहीही कळत नाही.

भावाशी बोलताना पक्षाचा विषय काढू नका. त्या योजनेमुळे नेमकं काय होईल असं त्याला वाटतं, ते विचारा. पाणी, वाहतूक, शाळेतली गर्दी अशी कारणं निघाली तर त्यांवर उपाय मागता येतो आणि त्या मागणीत तुम्हीही त्याच्याबरोबर उभ्या राहू शकता. फक्त भाव पडण्याची धास्ती निघाली, तर ज्यांना तिथे राहायला यायचं आहे त्यांची बाजू त्याला सांगणारं घरात निदान एक माणूस आहे, ते म्हणजे तुम्ही.

प्रश्न : राजकीय पक्ष हे सगळं हेरून प्रचार आखतात का?

उत्तर : आखतात, आणि काही वेळा मर्यादा ओलांडून. लंडनच्या वेस्टमिन्स्टर कौन्सिलची सत्ता १९८६ मध्ये हुजूर पक्षाच्या हातून जाता जाता राहिली. त्यानंतर नेत्या शर्ली पोर्टर आणि सहकाऱ्यांनी अटीतटीचे आठ प्रभाग निवडले. कौन्सिलची घरं रिकामी झाली की ती गरजूंना भाड्याने न देता विकायची, वर्षाला ५०० विक्री करायच्या आणि त्यांतल्या २५० त्या आठ प्रभागांत, असं १९८७ मध्ये ठरलं. विकत घेणारा आपल्याला मत देईल, हा त्यामागचा हिशेब. लेखापरीक्षक जॉन मॅगिल यांनी प्रकरण लावून धरलं आणि २००१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने हे बेकायदा ठरवलं. मतदाराचं मन वळवण्याऐवजी मतदारच बदलायचा, असा हा उद्योग होता.

सिंगापूरमध्ये तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी १९६४ पासून सरकारी घरं लोकांच्या मालकीची करायला सुरुवात केली. प्रत्येक नागरिकाचा देशात काही वाटा असावा, हा त्यामागचा हेतू त्यांनी उघडपणे लिहून ठेवला आहे. पुढे १९९७ च्या निवडणुकीत पंतप्रधान गोह चोक टोंग यांनी सांगितलं की जे भाग सत्ताधारी पक्षाला पाठिंबा देतील, तिथल्या इमारतींच्या सुधारणेला प्राधान्य मिळेल. सुधारणा म्हणजे घराची किंमत वाढणं. मतदाराला आणखी काही समजावून सांगायची गरजच नव्हती.

उलट, घराला हात लावला की पक्ष पोळतात. २०१७ मध्ये ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांच्या जाहीरनाम्यात वृद्धांच्या घरपोच देखभालीचा खर्च ठरवताना त्यांच्या घराची किंमतही धरायची, असा प्रस्ताव होता. चार दिवसांत त्यांना त्यात बदल जाहीर करावा लागला, आणि निवडणुकीत बहुमत गेलं. (बहुमत जाण्याची कारणं अनेक होती, पण त्या चार दिवसांनी प्रचाराचा सूर बिघडला तो बिघडलाच.) २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मजूर पक्षाने भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या घरांवरच्या करसवलती कमी करण्याचं वचन दिलं आणि हातात आलेली वाटणारी निवडणूक गमावली. पुढे पक्षाने ते धोरणच सोडून दिलं.

कराचा प्रश्न मात्र मी सहज झटकून टाकणार नाही. घराची किंमत वाढते ती कागदावर, कर भरायचा तो रोख. पेन्शनवर जगणाऱ्याची त्यात खरोखर कोंडी होते. कॅलिफोर्नियात १९७८ मध्ये याच रागातून सार्वमत झालं. मालमत्ता कर किमतीच्या एक टक्क्यावर आणि करपात्र किमतीतली वाढ वर्षाला दोन टक्क्यांवर बांधली गेली. घराचा मालक बदलला किंवा नवं बांधकाम झालं तरच नव्या किमतीने आकारणी. परिणाम असा की शेजारी शेजारी असलेल्या एकसारख्या घरांपैकी जुन्या रहिवाशाचा कर थोडा आणि नव्याचा कित्येक पट. वृद्धांना दिलासा देण्याचे दुसरे मार्ग होते, उदाहरणार्थ घर विकेपर्यंत कर पुढे ढकलणं. त्याऐवजी उशिरा आलेल्यांवर भार टाकला गेला.

प्रश्न : मी भाडेकरू आहे. प्रचारात माझ्या दारात कोणीच येत नाही. आमची मतं मोजत नाहीत का?

उत्तर : मोजतात, पण कार्यकर्ता मतदार यादी घेऊन निघतो आणि यादीत तुमच्या दारावर बहुधा आधीच्या भाडेकरूचं नाव असतं. ते नाव भेटलं नाही की तो पुढच्या घरी जातो. वारंवार घर बदलणाऱ्याचं नाव जुन्या पत्त्यावर राहतं, तो मतदानाला कमी जातो, म्हणून पुढच्या वेळी त्याला वगळतात. हे चक्र भाडेकरूंनीच तोडायला हवं, आणि ते तुटतंही. बर्लिनमध्ये बहुसंख्य लोक भाड्याने राहतात. तिथे सप्टेंबर २०२१ मध्ये तीन हजारांहून जास्त घरं असलेल्या खासगी कंपन्यांची घरं सार्वजनिक मालकीची करावीत का, यावर सार्वमत झालं आणि निम्म्याहून अधिक मतदारांनी होकार दिला. अंमलबजावणी अडकली, तरी भाडं हा विषय तिथल्या कुठल्याही पक्षाला टाळता आला नाही.

घर बदललंत की आधी मतदार यादीतला पत्ता बदला. इमारतीतल्या बाकी भाडेकरूंनाही ते करायला लावा. मग एकत्र जाऊन उमेदवाराला विचारा : अनामत रक्कम परत न मिळाल्यास दाद कुठे मागायची? घर रिकामं करायला किती मुदत मिळेल? आणि या प्रभागात नव्या घरांची योजना आली, तर तुम्ही तिच्या बाजूने उभे राहाल का? उत्तरं लेखी मागा.