टेकडी चढायला सुरुवात करताय?

पहिल्याच आठवड्यात पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या 103 पायऱ्या धावत चढायला जाऊ नका. गुडघे बोलायला लागतात आणि मग बूट कपाटात जातात; दर जानेवारीत हेच बघतो. आधी सपाट रस्त्यावर वीसेक मिनिटं चाला. वेग इतकाच, की शेजारच्याशी बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला निदान 150 मिनिटं सांगते, तिथपर्यंत हळूहळू पोहोचाल.

सकाळ जमत नसेल तर सरळ रात्रीची शतपावली धरा. मला तर तीच जास्त पटते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं की पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरायला लागतात, ती एकदम उसळत नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

एखादा दिवस बुडाला तर बुडू दे, दुसऱ्या दिवशी दुप्पट चालून तो फेडायला जाऊ नका. छातीत दडपण आलं किंवा गरगरलं तर तिथेच बसा, सोबतच्यांना सांगा आणि दवाखाना गाठा.

आणि हो, उतरल्यावरचे पोहे-जिलबी रविवारपुरतेच. नव्या माणसाला आग्रह फार होतो!