एकट्या ट्राउटने किती ओढायचं?

प्रश्न : बेसबॉलपटू माइक ट्राउटच्या काळात त्याच्या एंजल्स संघाने प्लेऑफचा (हंगामानंतरच्या बाद फेरीचा) एकही सामना जिंकलेला नाही. तरी तो हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत) जावा का?

उत्तर : जावाच! 2014, 2016, 2019 असा तीनदा एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू) झालाय तो. 2014 च्या प्लेऑफमध्ये रॉयल्स संघाने एंजल्सना 3-0 ने गुंडाळलं, ट्राउटचा त्यात एकच हिट (यशस्वी फटका), तो होमरन (थेट कुंपणापार), हे मान्य. पण एकट्याने किती ओढायचं? जुना खेळाडू अर्नी बँक्स तर वर्ल्ड सिरीज (विजेतेपदाची अंतिम मालिका) कधी खेळलाच नाही, तरी 512 होमरन मारून 1977 मध्ये कूपरस्टाउनला, म्हणजे हॉल ऑफ फेमच्या गावी, पोहोचला.

ट्राउटचा एंजल्समधला जुना सहकारी, जपानचा शोहेई ओहतानी, याला मात्र हॉल ऑफ फेमसाठी आधी 10 हंगाम भरायला हवेत. पहिला 2018 चा. 2023 च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकचा (देशादेशांमधल्या स्पर्धेचा) शेवटचा चेंडू माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही : ओहतानीचा बाहेर वळणारा स्लायडर आणि ट्राउटची हुकलेली बॅट. मला दोघंही हॉल ऑफ फेममध्ये हवेत.