एर्तेची ‘सिम्फनी इन ब्लॅक’: पोशाखावरून प्रिंटचे वय ठरवू नका

नमस्कार. घरगुती सामानाच्या विक्रीत मिळालेल्या, फॅशनचित्रकार एर्ते यांच्या ‘सिम्फनी इन ब्लॅक’ या चित्राच्या प्रिंटबद्दल आपण विचारले आहे की, चित्रातला पोशाख उघडच 1920-30 च्या काळातला असताना प्रिंटही त्याच काळातली धरून विम्यासाठी मूल्यांकन करून घ्यावे का. माझे उत्तर ठामपणे ‘नाही’ असे आहे. याच गैरसमजाचा फटका मला बसलेला असल्याने थोडे विस्ताराने लिहितो. मी व्यावसायिक जाणकार नाही आणि आपली प्रिंट मी पाहिलेली नाही, तेव्हा हे एका संग्राहकाचे मत म्हणूनच वाचावे.

रोमां द तिर्तोफ म्हणजे एर्ते यांचा जन्म 1892 चा, सेंट पीटर्सबर्गमधला. घराण्याला नौदलाची परंपरा होती आणि मुलानेही तीच वाट धरावी अशी वडिलांची अपेक्षा होती. मुलगा मात्र पॅरिसला गेला आणि घराण्याचे नाव फॅशनच्या धंद्याशी जोडले जाऊ नये म्हणून आर आणि टी या आद्याक्षरांच्या फ्रेंच उच्चारावरून ‘एर्ते’ हे नाव त्याने घेतले. 1913-14 मध्ये तो पॅरिसमधील पोशाखकार पॉल प्वारे यांच्याकडे कामाला होता. ही उमेदवारी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण कॉर्सेटने आवळलेली कंबर बाजूला सारून कापड खांद्यावरून सरळ खाली सोडण्याची रीत प्वारे यांनी रुळवली होती. ‘सिम्फनी’तील काळ्या वस्त्रात लपेटलेली ती उंच, सडपातळ स्त्री नीट न्याहाळा: नजर खांद्यापासून घोळापर्यंत कुठेही न अडखळता खाली येते. दोरीला धरलेला तो काटकुळा काळा कुत्राही प्राणी म्हणून कमी आणि पोशाखाचीच पुढे वाढवलेली रेघ म्हणून अधिक काढलेला आहे. असे चित्र शिवणाऱ्याच्या हाती देण्यासाठी आराखडे काढलेला माणूसच काढू शकतो. पुढे 1915 पासून वीसहून अधिक वर्षे ‘हार्पर्स बझार’ या फॅशन मासिकासाठी त्यांनी दोनशेहून अधिक मुखपृष्ठे केली, त्यामुळे दुरूनही ओळखू येणारी आकृती रचण्याचा सराव त्यांच्या हाताला होताच.

घोटाळा इथेच होतो. चित्राची भाषा त्या काळाची आहे, पण या चित्राची सेरिग्राफ, म्हणजे जाळीतून रंग उतरवून छापलेली, प्रिंट 1980 च्या दशकातली असते. एर्ते तेव्हा नव्वदीच्या घरात होते आणि 1960 च्या दशकात आर्ट डेको या 1920-30 च्या काळातील सजावटी शैलीला नव्याने मागणी आल्यापासून त्यांचे नाव पुन्हा गाजत होते. न्यूयॉर्कमधील त्यांचे 170 कलाकृतींचे अख्खे प्रदर्शन मेट्रोपॉलिटन म्यूझियमने विकत घेतले, ते त्याच लाटेत.

आता माझा अनुभव. माझी प्रिंट घेऊन ज्या मूल्यांकन कार्यालयाकडे मी गेलो, त्यांनी फ्रेम उघडलीच नाही. काचेतून पाहून ‘फॅशन चित्र, सुमारे 1925’ असे पत्र दिले आणि कालनिर्णयाचा आधार म्हणून ‘पोशाखाची शैली’ असे लिहिले. खालच्या समासातील पेन्सिलची सही आणि आवृत्तीचा क्रमांक (मर्यादित प्रतींपैकी ही कितवी, ते सांगणारा आकडा) यांचा त्यात उल्लेखही नव्हता. दुरुस्ती मागितली तेव्हा प्रकरण बंद झाले असून नव्याने शुल्क भरावे लागेल, असे छापील उत्तर आले. विकायची वेळ आली तेव्हा या पत्रानेच घात केला. कागद सांगतो 1925, वस्तू आहे 1980 च्या दशकातली. अशा विसंगतीनंतर गिऱ्हाईक खऱ्या सहीकडेही संशयाने पाहते आणि निम्म्या किमतीची बोली लावते. शुल्क घेताना तत्पर आणि चूक दाखवल्यावर बहिरे, असे कार्यालय मी दुसरे पाहिलेले नाही. असो.

माझ्या मते आपण आधी फ्रेम उघडून घ्यावी, पण ती कागदावरील कलाकृती हाताळणाऱ्या माणसाकडूनच. मग दहापट भिंगातून रंग पाहावा. सेरिग्राफमध्ये प्रत्येक रंग वेगळ्या जाळीतून उतरतो, त्यामुळे तो सलग आणि किंचित जाडसर दिसतो. रंगीत ठिपक्यांची नक्षी दिसली तर ते बहुधा पोस्टर आहे, कारण या चित्राच्या नकला उदंड झाल्या आहेत. दिव्याचा उजेड तिरपा पाडला की पेन्सिलची सही करडी चकाकते आणि कागदावर दाब जाणवतो. छापील सही तशी चकाकत नाही. या खुणा जुळल्या म्हणजे अस्सलपणा सिद्ध झाला असे मात्र समजू नये, कारण पेन्सिलची खोटी सही करणारेही असतात.

जाता जाता, प्रिंटच्या मागे पिवळा पडलेला पुठ्ठा असेल तर तो बदलून आम्लमुक्त पुठ्ठा लावावा, आणि समास कापू देऊ नये, फ्रेमवाला कितीही आग्रह करो. मूल्यांकन त्यानंतर करावे, आणि तंत्र, सहीचा प्रकार, आवृत्ती क्रमांक व प्रिंटचा काळ हे चारही तपशील पत्रात स्वतंत्रपणे लिहिण्याचे संबंधितांनी लेखी कबूल केल्याखेरीज शुल्क भरू नये.