तिसऱ्या कवचात 18 इलेक्ट्रॉन मावतात, मग आवर्तसारणीच्या तिसऱ्या आवर्तात (आडव्या ओळीत) मूलद्रव्यं 8च का?

कारण आवर्तं पडतात ती उपकवचं भरण्याच्या क्रमानं. उपकवचं म्हणजे कवचाचे एस, पी, डी, एफ हे भाग; 3पी म्हणजे तिसऱ्या कवचातलं पी. अप्पा बळवंत चौकात आवर्तसारणीचा भिंतीवर लावायचा तक्ता मिळतो, तो समोर घ्या आणि अणुअंकावर बोट ठेवून पुढे सरका. अरगॉनला (18) 3पी भरलं, ओळ संपली. 3डी अजून रिकामंच आहे, पण पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन 4एसमध्ये जातो. तिथे अणूची एकूण ऊर्जा कमी राहते. म्हणून नवी ओळ. कॅल्शियमला 4एस भरलं, की स्कँडियम (21) ते झिंक (30) 3डी आणि गॅलियम (31) ते क्रिप्टॉन (36) 4पी. म्हणून चौथ्या ओळीत 2 + 10 + 6 = 18 मूलद्रव्यं. खाली वेगळ्या काढलेल्या दोन ओळी 4एफ आणि 5एफच्या.

अकरावीत हमखास चूक होते ती आयनात, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या किंवा घेतलेल्या अणूत. लोहाचे (26) दोन इलेक्ट्रॉन काढायचे म्हटले की मुलं 3डीमधून काढतात, कारण ते शेवटी भरलेलं. प्रत्यक्षात 4एसचे दोन्ही आधी जातात आणि 3डीमध्ये 6 उरतात. क्रोमियम (3डीत 5, 4एसमध्ये 1) आणि तांबं (10 आणि 1) हे अपवाद मात्र पाठच करा.