ग्रासकटर चालवताना: कोकणातील बागायतदारांच्या प्रश्नांना उत्तरे

पावसाचा जोर ओसरला की आंबा-काजूच्या बागांत बेणणी (गवत-झुडपांची सफाई) सुरू होते आणि ग्रासकटरचे, म्हणजे इंजिनावर फिरत्या पात्याने गवत कापणाऱ्या यंत्राचे, प्रश्नही यायला लागतात. मजूर मिळत नाहीत, त्यामुळे हे यंत्र वाडीवाडीत पोचले आहे. दुकानात दोरी ओढून चालू करून दाखवतात, तेवढेच काय ते शिक्षण. मला काळजी वाटते ती याचीच. या हंगामात आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे इथे देत आहे.

गार्ड लावलेला होता, तरी दगड उडून बाजूला उभ्या असलेल्या मुलाच्या गालाला लागला. असे का झाले?

गार्ड (पात्याजवळचे आवरण) असतो तो चालवणाऱ्याच्या पायांसाठी. पात्याच्या मागची बाजू तेवढी तो झाकतो. पुढे आणि बाजूला उडणारा दगड तो अडवू शकत नाही. आपल्या जांभ्याच्या जमिनीत सुटे खडे भरपूर, त्यात गडग्याचे (दगडी कुंपणाचे) ढासळलेले दगड, कुंपणाच्या तारेचे तुकडे, बाटल्यांच्या काचा. गवतात यातले काहीच दिसत नाही. म्हणून यंत्र चालू असताना चारही बाजूंनी 15 मीटर, म्हणजे साधारण 50 फूट, कोणीही नको. दोघे जण दोन यंत्रे घेऊन काम करत असतील तर त्यांच्यातही एवढेच अंतर हवे.

मुले आणि जेवण घेऊन येणारी घरची माणसे बहुधा मागून येतात. कानाला आवाजरोधक लावलेल्या माणसाला हाक ऐकू येत नाही, तो वळला की पातेही वळते. घरात सर्वांना सांगून ठेवा: लांब उभे राहून, समोर येऊन हात हलवायचा आणि इंजिन बंद झाल्याशिवाय जवळ जायचे नाही. कापायच्या आधी काठी घेऊन बागेतून एक फेरी मारा. दगड, तारा, ठिबकच्या नळ्या बाजूला करा. त्या काठीने साप असला तर सरकतो, गांधीलमाश्यांचे पोळेही आधीच नजरेस पडते.

गवत जमिनीलगत खरवडून काढण्याचा हट्ट सोडा. दोन-तीन इंच वरून कापले तर दगड कमी उडतात, पात्याची धार टिकते आणि उतारावरची माती धरून राहते. गवत अडकते म्हणून काही जण गार्डच काढून टाकतात. तसे कधीही करू नका.

अंगात फुल पँट, पायात गमबूट किंवा जाड बूट, पोटरीवर संरक्षक पट्टी. जाळीचा मुखवटा मोठा खडा अडवतो, बारीक कच आत येते, म्हणून त्याच्या आत चष्मा हवाच. लुंगी, साडीचा पदर, गळ्यातला टॉवेल यंत्राजवळ नको.

काजूच्या बागेत झुडपे कापताना यंत्र एकदम उजवीकडे फेकले जाते. यंत्रात दोष आहे का?

बहुतेक वेळा दोष कापण्याच्या पद्धतीत असतो. वरून पाहिले तर बहुतेक यंत्रांचे पाते घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. पाते म्हणजे घड्याळाची तबकडी आणि तुमच्या समोर 12, असे धरा. 12 ते 3 या भागाने खोडाला किंवा दगडाला टेकलात की यंत्र जोरात उलटा झटका देते. कापायचे ते डाव्या बाजूने, उजवीकडून डावीकडे झोका घेत. परत येताना कापायचे नाही. यामुळे कापलेले गवतही डावीकडे एका ओळीत पडते.

मऊ गवताला नायलॉन दोरी, दाट गवत आणि लहान झुडपांना तीन दात्यांचे पाते, लाकडी काटक्यांना बारीक दात्यांचे गोल पाते. मनगटाएवढे खोड असेल तर कोयता किंवा चेनसॉ घ्या. नायलॉन दोरीच्या जागी लोखंडी तार लावलेली मी पाहिली आहे. तिचा तुकडा तुटला की गोळीसारखा सुटतो. हे ताबडतोब थांबवा.

पट्टा अंगावर घातल्यावर हुक उजव्या कमरेच्या थोडे खाली यावा आणि हात सोडला तरी पाते जमिनीला जेमतेम टेकावे. पट्टा नीट नसेल तर सगळे वजन मनगटावर येते. उतारावर आडवे चालत कापा. शेवाळलेल्या कातळावर यंत्र घेऊन चढू नका.

कलमाच्या बुंध्याजवळ नायलॉन दोरी लावली तर चालते ना?

नाही. दोरी पात्यासारखी धारदार नसते म्हणून ती निरुपद्रवी वाटते, पण कोवळ्या कलमाची साल ती गोल सोलून काढते. पूर्ण कडे सोलले गेले तर कलम मरते. मोठ्या झाडाच्या जखमेतून आंब्यात भिरूड आणि काजूत रोठा या खोड पोखरणाऱ्या किडींना वाट मिळते. बुंध्याभोवतीचे दीड फूट गवत विळ्याने किंवा हाताने काढा. कापलेले गवत आळ्यात पसरा, पण खोडाला चिकटवू नका.

पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचे?

आधी इंजिन कोणते ते पाहा. फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे नसते. ते इंजिनच्या वेगळ्या टाकीत असते आणि त्याची पातळी यंत्र सपाट ठेवून रोज पाहायची. टू-स्ट्रोकमध्ये पुस्तिकेत 25:1 लिहिले असेल तर लिटरला 40 मिली, 50:1 असेल तर 20 मिली टू-टी ऑइल. अंदाजाने झाकणभर ओतणे बंद करा, मापाची बाटली घ्या. ऑइल कमी पडले तर पिस्टन जाम होतो. जास्त झाले तर धूर, काजळलेला प्लग आणि चोंदलेला सायलेन्सर.

मिश्रण दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढेच करा. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा ओढते. कोकणातल्या दमट हवेत कॅनच्या तळाशी पाणी वेगळे होते आणि इंजिनात नेमके तेच जाते. इंजिन गरम असताना पेट्रोल भरू नका. निदान दहा मिनिटे थांबा, सांडलेले पुसा आणि भरलेल्या जागेपासून दूर जाऊन यंत्र चालू करा. पुढे गवत वाळले की तापलेला सायलेन्सर त्यावर टेकवू नका, आपल्याकडे वणव्याला तेवढे पुरते.

पात्याला गवत गुंडाळले की इंजिन चालू ठेवूनच काढतो. वेळ वाचतो.

असे करू नका. एक्सिलेटर सोडल्यावरही पाते काही वेळ फिरत राहते. इंजिन बंद करा, पाते थांबू द्या, प्लगची टोपी काढा, मगच हात लावा. नुसत्या आयडलवर (एक्सिलेटर न दाबता) पाते फिरत असेल तर आयडल स्क्रू किंवा क्लच तपासून घ्या, तोवर यंत्र वापरू नका. पात्याचा नट बहुतेक यंत्रांत उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. तडा गेलेले पाते वेल्डिंग करून वापरायचे नाही, फेकून द्यायचे.

काम झाल्यावर बोटे बधिर होतात.

कंपनामुळे होते. अर्ध्या तासाने थांबा, हँडलचे रबर बदला, पाते एका बाजूला जास्त झिजले आहे का पाहा. बोटे पांढरी पडत असतील तर डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या हंगामात यंत्र चालूच होत नाही.

जुने पेट्रोल कार्बोरेटरमध्ये चिकटून बसलेले असते. हंगाम संपताना टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. प्लग काढून आत ऑइलचे चार थेंब सोडा, दोरी हळूच एक-दोनदा ओढा, प्लग परत बसवा. स्पंजचा एअर फिल्टर साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवा. गिअरच्या डोक्यात (पात्याजवळच्या गिअरपेटीत) ग्रीस भरा, हंगामातही साधारण 25 तासांच्या कामानंतर ते भरायचे असते. प्लगची फट 0.6 ते 0.7 मिमी ठेवा. यंत्र कोरड्या जागी टांगा, चुलीपासून आणि मुलांच्या हातापासून लांब.